बोन्सायसाठी काडी लावताय? काळ्या मातीच्या नादाला लागू नका

सांगलीकडच्या माणसाला 'तुमची माती इथं चालायची नाही' म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. ज्या मातीत ऊस पिकतो, हळद पिकते, तिच्यात वडाची एक काडी, म्हणजे फांदीचा कापलेला तुकडा, मूळ धरू नये? मलाही असंच वाटायचं. पहिल्या वर्षी मळ्यातली काळी माती आणली, वर दोन मुठी शेणखत टाकलं आणि वड, उंबर, बोगनवेल मिळून बारा काड्या पिशव्यांत लावल्या. पंधरा दिवसांत डोळे फुगले, पानं फुटली. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. महिना भरायच्या आत सगळ्यांनी माना टाकल्या. काडी उपसली तर खालचं टोक काळं, साल बोटानं सुटून येतेय आणि वास गटारीचा.

पहिली चूक तिथंच झाली: पानं आली म्हणजे मुळ्या आल्या, असं मी धरून चाललो. काडीत अन्न साठलेलं असतं, त्यावर ती पानं काढते. मुळ्या फुटायला खाली ओल लागते आणि तितकीच हवाही लागते. काळी माती अतिबारीक चिकणकणांची. पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. शेतात त्या भेगा, गांडुळांची बिळं, जुन्या मुळांच्या वाटा यांतून हवा खेळते आणि जास्तीचं पाणी खोल जातं. पिशवीत यातलं काहीच नसतं. दोन वेळा पाणी घातलं की आत चिखलाचा गोळा होतो आणि श्वास कोंडलेली काडी कुजते.

दुसरी चूक सगळेच करतात. तळाला खडीचा थर द्यायचा, म्हणजे निचरा होतो म्हणे. भांडी घासायचा स्पंज घ्या, भिजवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा. परत पाणी गळायला लागेल. कुंडीचंही तसंच आहे. मिश्रणाच्या तळाशी एक ओला थर अडकतोच आणि खाली खडी टाकली तर तो थर नुसता वर सरकतो, काडीच्या टोकाच्या आणखी जवळ. उथळ बोन्साय ट्रेमध्ये थेट काडी लावणं यामुळेच अंगाशी येतं. आधी उंच पिशवी घ्या. ट्रेची हौस नंतर.

मग लावायचं कशात? माझं मिश्रण साधं आहे: दोन भाग विटेचा चुरा किंवा क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पण गंमत चाळण्यात आहे. गव्हाच्या चाळणीवर जे उरेल तेच घ्यायचं, दाणा ज्वारीएवढा. खाली पडलेली भुकटी दाण्यांमधल्या फटी बुजवते, मग त्या विटेचा आणि काळ्या मातीचा काडीला फरक तो काय कळणार? क्रश सँडमध्ये तर काळ्या दगडाची धूळ इतकी असते की पाणी नितळ येईस्तोवर चार-पाच वेळा धुवावी लागते. कंटाळा येतो, पण धुवाच.

वीट भट्टीवरच्या तुटक्या ढिगातली आणा, पण नीट भाजलेली. एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी चिमटीत चिखल झाला तर ती वीट कामाची नाही. पाडलेल्या भिंतीच्या विटा फुकट मिळतात, मात्र त्यांना चिकटलेलं सिमेंट, चुना मिश्रणात क्षार वाढवतो.

क्षारांवरून कोकोपीट आठवलं. त्यात मूळचंच मीठ असतं. कोकोपीटची दाबलेली वीट मिळते, ती फुगवून थेट वापरू नका. दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून पिळून टाका. मिरज, वाळव्याकडं नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणीही तसंच. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरायला लागली की समजा, आणि काड्यांपुरतं तरी पावसाचं पाणी पिंपात साठवा.

प्रमाण मात्र गाव बघून बदला. महाबळेश्वर, जावळीच्या धो धो पावसात कोकोपीट चौथ्या हिश्श्यावर आणा आणि पिशव्या छपराखाली ठेवा. जत, आटपाडीच्या कोरड्या वाऱ्यात ते वाढवून मिश्रणाच्या निम्मं केलं तरी चालतं, नाहीतर दुपारपर्यंत सगळं खडखडीत होतं.

शेणखत, युरिया, गांडूळखत यांतलं काहीही या टप्प्यावर नको. मुळ्याच नाहीत तर खाणार कोण? वड-उंबराची काडी कापल्यावर चीक धुवून, टोक सुकवून मगच लावा. चिंचेच्या काडीमागं वर्ष घालवू नका, ती बियांपासून करा.

राहिली ती शेवटची खोड: दर आठवड्याला काडी उपटून बघणं. एवढ्यानं कोवळी मुळी तुटते. खरखरीत मिश्रणात काडी वाऱ्यानं हलली तरी तुटते, म्हणून ती पिशवीलाच सुतळीनं बांधून टाका. अगदीच राहवत नसेल तर एक-दोन काड्या लग्नात पाण्याला देतात त्या पारदर्शक प्लास्टिकच्या उंच ग्लासात लावा. तळाला तापल्या सुईनं पाच-सहा भोकं पाडा आणि ग्लासाला जुना पायमोजा चढवा, मुळ्यांना अंधार लागतो. मोजा खाली सरकवला की आतलं दिसतं. आधी टोकाशी पांढरट गाठी येतात, मग दोऱ्यासारखी मुळी ग्लासाच्या कडेला येऊन टेकते. पहिली मुळी दिसली म्हणून लगेच हलवू नका. मुळ्यांना फाटे फुटून रंग जरा तपकिरी होऊ द्या.

आणि आता ती काळी माती कामाला आणा. धरलेलं रोप दोन-तीन वर्षं मळ्याच्या बांधावर जमिनीत लावलं, की बोन्सायला हवं तसं जाडजूड खोड तिथंच तयार होतं. कुंडीत ते इतक्या लवकर होत नाही. माझ्या दुसऱ्या खेपेतले तीन वड सध्या उसाच्या कडेला आहेत. फक्त ऊस पेटवायच्या दिवसांत तिकडं लक्ष ठेवावं लागतं.