गर्भ नळीत राहिलाय का? कसं ओळखायचं, पुढे काय करायचं

पाळी चुकलीय, घरच्या टेस्टवर दोन रेघा आल्यात आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय किंवा थोडं थोडं रक्त जातंय, तर सुरुवातीला होतं असं म्हणून अंगावर काढू नका प्लीज, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. गर्भ पिशवीबाहेर, बहुतेक वेळा बीजवाहक नळीतच, रुजलेला असू शकतो. चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, घाम फुटून अंग गार पडणं, म्हणजे नळी फुटून पोटात रक्त साचत असेल, मग अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ १०८ ला फोन.

तपासणी म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी आणि रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात वाढणारं हार्मोन. एका आकड्यावरून ठरत नाही, म्हणून ४८ तासांनी परत करतात, तो नीट वाढला नाही आणि पिशवीत गर्भ दिसत नाही तर संशय पक्का होत जातो.

नळी फुटलेली नसेल, आकडा कमी असेल, गर्भाचे ठोके नसतील तर मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन चालतं. चौथ्या आणि सातव्या दिवशी परत रक्त, मधे किमान १५ टक्के उतरायला हवं, नंतर शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला, आणि बरं वाटतंय म्हणून हे सोडू नका, आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते. फॉलिक अ‍ॅसिड बंद, पुढचे तीन महिने गर्भ राहू द्यायचा नाही. नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन, बऱ्याचदा नळी काढावी लागते, पण दुसरी चांगली असेल तर पुन्हा दिवस राहू शकतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं (पुढच्या बाळाच्या रक्ताला त्रास होऊ नये म्हणून देतात) आठवणीने विचारा.