बालवाडीच्या वयातलं विशेष मूल: कुठे दाखवायचं, घरी आणि वर्गात काय करायचं, कागद कोणते काढायचे

मूल दोन-अडीच वर्षांचं झालं, हाक मारली तर वळून बघत नाही, शब्द नाहीत, आणि घरात कुणीतरी म्हणतं की अगं त्याचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, थांब जरा. असं थांबत थांबत मुलं पाच वर्षांची होऊन विशेष शिक्षकाकडे येतात तेव्हा खरंच जीव तुटतो, कारण शिकायला सगळ्यात सोपी असणारी वर्षं वाट बघण्यात गेलेली असतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय, आईवडिलांसाठी, अंगणवाडीच्या सेविकांसाठी आणि बालवाडीत नव्याने विशेष शिक्षक म्हणून लागलेल्या ताई-सरांसाठी पण. माझं म्हणणं एकच आहे, निदानाचं नाव कळेपर्यंत किंवा दिव्यांगतेचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत थांबू नका. तपासण्या चालू राहू द्या आणि घरातलं, वर्गातलं काम याच आठवड्यात सुरू करा.

कधी लगेच दाखवायचं ते आधी सांगते. वर्षाचं झालं तरी बाबा-दादा असे आवाज काढत नाही, नावाला प्रतिसाद देत नाही, बोट दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दीड वर्षापर्यंत चालत नाही, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा ये" असे दोन शब्द जोडत नाही. आणि येत असलेले शब्द गेले, बोलायचं बंद झालं तर वय कितीही असो, एक दिवसही थांबायचं नाही. यातलं काही दिसलं म्हणजे मुलाला काहीतरी आहेच असं नाही हं, पण तपासून घ्यायलाच हवं.

बोलण्याचा उशीर असेल तर पहिली तपासणी कानाची. "त्याला ऐकू येतं हो, कुकरची शिट्टी झाली की दचकतो" असं जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात, पण मोठा आवाज ऐकू येणं वेगळं आणि बोलणं स्पष्ट ऐकू येणं वेगळं. बाळाची ओएई आणि बेरा नावाची तपासणी असते, दुखत नाही, बेराला मूल झोपलेलं असावं लागतं एवढंच. खरंतर पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू असा नियम जगभर पाळतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, वाचा-श्रवण याच कामासाठी. कानासोबत डोळेही तपासून घ्या, जवळचं नीट दिसत नसेल तर मूल चित्राकडे बघणार तरी कसं.

आता कुठे जायचं. सगळ्यात जवळचा दरवाजा अंगणवाडीचा आहे आणि तो लोक विसरतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे ज्याला सगळे आरबीएसके म्हणतात, तो 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्यात डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं आणि जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर या चार गोष्टी बघतं. तुमचं मूल अंगणवाडीच्या पटावर नसलं, खाजगी नर्सरीत जात असलं तरी सेविकेला भेटून पथक कधी येणार ते विचारा. पथकाने पुढे पाठवलं की जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला जायचं, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, डोळे तपासणारे, विशेष शिक्षक अशी सगळी माणसं एकाच ठिकाणी असावीत अशी रचना आहे आणि ते मोफत आहे. सगळी पदं सगळीकडे भरलेली असतात असं नाही, त्यामुळे आधी फोन करून कोणत्या वारी कोण बसतं ते विचारून मगच एसटी पकडा, लहान मुलाला घेऊन हेलपाटा फार जड जातो.

सेविकांसाठी अजून एक. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या महिला बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढलाय, त्यात उशीर कसा ओळखायचा, मुलाला अंगणवाडीतच सामावून कसं घ्यायचं आणि आशाताई, आरबीएसके पथक यांच्यामार्फत पुढे कसं पाठवायचं ते दिलंय. पालकांना कुणी म्हणालं की असं मूल आम्ही ठेवत नाही, तर शांतपणे या प्रोटोकॉलचं नाव घ्या.

मोठ्या शहरांच्या जवळ असाल तर मुंबईत उम्मीद चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर आहे, 2001 पासून काम करतंय आणि पालकांसाठी, शिक्षकांसाठी ट्रेनिंगही घेतं. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर परिणाम झालेल्या मुलांसाठी अडॅप्ट, म्हणजे पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी, 1972 पासून. बौद्धिक अक्षमतेसाठी शिवडीची जय वकील शाळा 1944 ची आहे, त्यांचा दिशा नावाचा अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांमध्ये वापरतात, शिक्षकांनी तो जरूर बघावा, कारण छोट्या छोट्या टप्प्यांत ध्येय कसं लिहायचं ते त्यातून फार छान कळतं. पुण्यात बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी कामायनी शाळा आहे, गोव्यात असाल तर सेतू हे बालविकास केंद्र. खाजगी थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक लावणार असाल तर त्यांचा आरसीआय नंबर विचारा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, विचारण्यात लाजायचं काही कारण नाही, ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो.

आता मुख्य काम, आणि मला याच्यावरच जास्त बोलायचंय. थेरपी आठवड्यातून दोनदा पाऊण पाऊण तास असते, उरलेला सगळा वेळ मूल तुमच्याकडे असतं. म्हणून वेगळा "अभ्यासाचा तास" काढण्यापेक्षा जे रोज होतंच, आंघोळ, जेवण, कपडे, चप्पल घालून बाहेर जाणं, त्यातच शिकवायचं. आंघोळीच्या वेळी तांब्या हातात धरून थांबा. लगेच पाणी ओतू नका. मुलाकडे बघा, मनात दहापर्यंत मोजा. ते तांब्याकडे बघेल, हात हलवेल, काहीतरी आवाज काढेल, जे काही करेल तो त्याचा शब्द समजा आणि "पाणी!" म्हणून ओता. असं रोज. आपण मोठी माणसं फार घाई करतो, मुलाने मागायच्या आधीच सगळं हातात देतो, आणि मग म्हणतो मागत नाही. हातावर मोर बसवायचा, गुदगुल्या करत काखेपर्यंत जायचं हे आपले आजीचे खेळ पण याच कामाचे आहेत, अर्ध्यात थांबायचं आणि मुलाने बघितल्यावरच पुढे जायचं.

कपडे, जेवण अशी स्वतःची कामं शिकवताना शेवटून सुरुवात करा. चड्डी घालायचीय, तर तुम्ही दोन्ही पाय घालून गुडघ्याच्या वर आणून द्यायची आणि शेवटची ओढ फक्त मुलाने मारायची. झालं, त्याने घातली, शाबासकी. ते जमलं की गुडघ्यापासून ओढू दे, मग एक पाय. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल अर्ध्यात कंटाळतं आणि शेवट नेहमी आपणच करतो, मग त्याला कधीच पूर्ण केल्याचा आनंद मिळत नाही.

न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रं वापरा, आणि प्लीज ही भीती सोडा की चित्रं दिली तर बोलणारच नाही. चित्रांनी, खुणांनी बोलणं अडत नाही, उलट मागता यायला लागलं की रडणं, चावणं, डोकं आपटणं कमी होतं आणि बऱ्याच मुलांचे शब्दही त्यानंतर येतात. सुरुवात दोन चित्रांनी करा, पोळी आणि केळं, दोन्ही समोर धरा, ज्याला हात लावेल ते द्या. बाजारातल्या चकचकीत फ्लॅशकार्डपेक्षा तुमच्याच घरातल्या वाटीचा, तुमच्याच आजीचा फोटो काढून प्रिंट करून त्यावर सेलोटेप लावली की उत्तम. चित्र समजत नसेल तर वस्तूच दाखवा, वाटी म्हणजे खाऊ, चप्पल म्हणजे घरी जायचं. मोबाइलवर आयआयटी मुंबईत बनवलेलं जेलो नावाचं फुकट ॲप आहे, मराठीतही आहे, त्यात हवं, नको, अजून असं चित्र दाबून बोलता येतं. बहिऱ्या मुलांच्या घरी भारतीय सांकेतिक भाषेसाठी आयएसएलआरटीसीचा, म्हणजे या भाषेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, शब्दकोश यूट्यूबवर व्हिडिओत मिळतो, आजीआजोबांसकट सगळ्यांनी दिवसाला दोन खुणा शिकायच्या, एकट्या आईने नाही.

वर्गातल्या ताईंसाठी, भिंतीवर दिवसाचा क्रम चित्रांत लावा, प्रार्थना, गोष्ट, खेळ, खाऊ, घरी, आणि एक झालं की ते चित्र काढून डब्यात टाकायचं. पुढे काय होणार हे कळलं की अर्धी रडारड कमी होते, आणि हे बाकीच्या मुलांनाही आवडतं. "आधी हे, मग ते" अशी दोन चौकोनांची पाटी ठेवा, आधी मणी ओवायचे, मग झोका. गोंगाट सहन होत नाही अशा मुलासाठी कोपऱ्यात जुन्या साडीचा आडोसा आणि एक उशी पुरते, पण ती शिक्षेची जागा करू नका.

साहित्यावर खूप पैसे घालवायची गरज नाही. कणकेचा गोळा, झाकणांचे डबे, कपडे वाळत घालायचे चिमटे, परातीत रवा टाकून बोटाने रेघा, भोपळ्याच्या बिया वेगळ्या करणं, सगळं बोटांच्या ताकदीसाठीच आहे. फक्त तोंडात घालणारं मूल असेल तर राजमा, चणे, मणी असलं काही देऊच नका, घशात अडकतं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मराठीत भरपूर फुकट गोष्टी आहेत, छापूनही घेता येतात, ज्या पानावर चित्र मोठं आणि वाक्य एकच अशा निवडा. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी कशी करायची त्याचे मराठीत व्हिडिओ आहेत, कितीतरी. पण हे व्हिडिओ तुमच्यासाठी, मुलाला मोबाइल धरून द्यायला नाहीत. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच सांगते आणि दोन ते पाचला दिवसाला एक तासाच्या आत, तेही मोठं कुणी सोबत असताना.

शाळा आणि घर यांच्यात एक शंभर पानी वही ठेवा. ताईंनी रोज दोन ओळी लिहायच्या, आज काय जमलं, कशाला रडला, आणि घरून तसंच उत्तर. झोप नीट झाली नाही, औषध बदललं, फिट आली, हे ताईंना कळलंच पाहिजे. वैयक्तिक शिक्षण योजना, आयईपी ज्याला म्हणतात, ती लिहिताना "भाषा सुधारणे" असं नका लिहू. "खाऊच्या वेळी दोन चित्रांतून एक निवडेल, पाचपैकी चार वेळा" असं लिहा, म्हणजे तीन महिन्यांनी जमलं की नाही ते कुणालाही सांगता येईल. आणि मुलाला काय आवडतं ते सगळ्यात वर लिहा, तिथूनच सगळं सुरू होतं.

कागदांचं थोडक्यात. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, स्वावलंबन कार्डच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी दवाखान्यात तपासणी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता आहे आणि बऱ्याच सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगता लागते. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अक्षमता असं न लिहिता विकासातला सर्वांगीण उशीर म्हणजे ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले असं लिहितात आणि सर्टिफिकेट तात्पुरतं असतं, त्यामुळे त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि चार वर्षांच्या मुलाला कुणी लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अक्षमता, आहे म्हणून सांगितलं तर ऐकू नका, ते ठरवायचं वय आठच्या पुढचं आहे.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना घ्याच, वर्षाला एक लाखापर्यंत आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात, प्रत्येक प्रकाराची मर्यादा वेगळी आहे. पैसे आधी आपण भरायचे आणि मग मिळतात, म्हणून प्रत्येक बिल, प्रत्येक चिठ्ठी फाइलला. इन्कम टॅक्स भरत असाल तर जुन्या पद्धतीत 80 डीडी खाली 75 हजारांची वजावट आहे, दिव्यांगता 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख.

आईबद्दल पण लिहायचंय. घरात सगळं खापर तिच्यावर फुटतं, गरोदरपणात हे खाल्लं, ते केलं नाही, मोबाइल बघितला. ताईंनो, पालकसभेत बाबांना आणि आजीला पण बोलवा आणि सगळ्यांसमोर सांगा की हे आईमुळे झालेलं नाही. आणि आयांनो, झोप उडाली असेल, रोज रडू येत असेल तर टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत, मराठीतही बोलता येतं. गावात किंवा वस्तीत अजून दोन घरं अशी असतीलच, सेविकेकडून निरोप पाठवून एकमेकींना भेटा, कोणत्या दवाखान्यात कोण नीट बोलतं ही माहिती तिथेच मिळते.

पहिलीत जायच्या आधीच्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, गट साधन केंद्रात जाऊन या, तालुक्याला पंचायत समितीत चौकशी केली की सांगतात. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना मुलाची वही आणि आयईपी दाखवा आणि जवळच्या शाळेत रॅम्प, संडास, वर्ग कुठल्या मजल्यावर ते आत्ताच बघायला सांगा. खाजगी शाळा हवी असेल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित घटकात धरतात, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट लागतं. अर्ज ऑनलाइन असतो आणि मुदत थोडीच असते, म्हणून जन्मदाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा, सर्टिफिकेट यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो आधीच काढून ठेवा.