थेट प्रसारण आणि मुलांच्या हातातला खडू

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम हा लँडर चंद्रावर उतरला, तेव्हा गोव्यातल्या बहुतेक शाळा दुपारीच सुटल्या होत्या आणि बालरथ म्हणजे शाळेच्या बसगाड्याही केव्हाच परतल्या होत्या. अंतराळमोहिमा शाळेचे वेळापत्रक पाळत नाहीत. त्यामुळे थेट प्रसारण पाहण्यासाठी मुलांना पुन्हा शाळेत बोलवायचे की घरी बसवून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून जोडून घ्यायचे, हे शिक्षकाने आधी ठरवावे. सत्तरी-सांग्यासारख्या भागात दुसरा मार्ग बरा, कारण पावसाळ्यात काळोखातून मुलांना घरी पाठवण्याचा घोर कोणालाच नको असतो.

खरी तयारी आदल्या आठवड्यात करायची असते. मुले नुसती पडद्याकडे पाहत बसली तर थोड्याच वेळात चुळबुळ सुरू होते आणि त्यात त्यांचा दोष नसतो. संगणकापुढे बसलेल्या शास्त्रज्ञांकडे किती वेळ पाहणार? पडद्यावर वाचण्यासारखे असतात ते आकडे. विक्रम सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून उतरू लागला तेव्हा त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर होता आणि तो सुमारे १९ मिनिटांत शून्यावर आणायचा होता. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवरचे ते जुने प्रसारण लावून सराव करावा. फळ्यावर उभ्या अक्षावर उंची आणि आडव्या अक्षावर मिनिटे मांडावीत. एकाने पडद्यावरची उंची मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने घड्याळ सांगावे आणि तिसऱ्याने खडूने ठिपका द्यावा. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, ऐन चवथीच्या दिवसांत, चांद्रयान-२ चा पडद्यावरचा ठिपका शेवटच्या टप्प्यात नियोजित रेषेपासून ढळला होता. ज्या मुलाने असा आलेख स्वतः काढला आहे, त्याला काही बिघडल्याचे कळण्यासाठी निवेदकाच्या शब्दांची वाट पाहावी लागत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमात एकच पडदा ठेवावा. कोणाच्या तरी मोबाइलवरचे प्रसारण प्रोजेक्टरच्या काही सेकंद पुढे असते आणि मागच्या बाकावरून ‘उतरलं!’ अशी आरोळी आली की बाकीच्यांची मजा जाते. अर्थात यातूनही शिकवता येते: चंद्रावरून संदेश यायला जेमतेम १.३ सेकंद लागतात, उरलेला उशीर आपल्या इंटरनेटचा. वीज गेल्यास उपयोगी पडावा म्हणून एक चार्ज केलेला मोबाइल जवळ असू द्यावा.

उतरताना पडद्यावर दिसणारे यान संगणकाने रेखाटलेले होते आणि विक्रमच्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये नंतर प्रसिद्ध झाली, हे मुलांना आधीच सांगावे. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चंद्रावरून आलेला व्हिडिओ’ म्हणून काहीही फिरते; प्रत्येक चित्र इस्रोच्या अधिकृत खात्यावर सापडते का, हे शोधण्याचे काम दोघा-तिघांना नेमून द्यावे.

समाजमाध्यमांवर लिहायचे ते शाळेच्या एकाच खात्यावरून, शिक्षकाच्या नजरेखाली. मुलांना स्वतंत्र खाती काढायला लावू नयेत आणि पालकांच्या लेखी संमतीवाचून त्यांची छायाचित्रे टाकू नयेत. नासाचे फिनिक्स यान २००८ साली मंगळावर उतरले तेव्हा त्याच्या ट्विटर खात्यावरचे संदेश यान स्वतःच बोलत असल्यासारखे लिहिले जात होते. ही युक्ती वर्गात फार कामाला येते. ३ सप्टेंबर २०२३ रोजी विक्रमने इंजिने पेटवून सुमारे ४० सेंटीमीटर उंच उडी घेतली. त्या क्षणी विक्रम काय म्हणाला असता, ते मुलांना तीन ओळींत मराठीत लिहायला सांगावे आणि निवडक ओळी शाळेच्या खात्यावर टाकाव्यात. शास्त्रज्ञांना विचारण्याचे प्रश्न मात्र गाळून घ्यावेत. ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळते, तो प्रश्न पाठवू नये.

मोठी मोहीम नसेल त्या दिवसांसाठी नासाचे ‘डीप स्पेस नेटवर्क नाऊ’ हे पान आहे. गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा येथील कोणता अँटेना या क्षणी कोणत्या यानाशी बोलतो आहे, ते तिथे दिसते. व्हॉयेजर-१ या सर्वांत दूर गेलेल्या यानाकडे पाठवलेल्या संदेशाचे उत्तर यायला जवळपास दोन दिवस लागतात. सोमवारी सकाळी मुलांनी त्याला पाठवण्यासाठी एक संदेश फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा आणि बुधवारच्या प्रार्थनेपर्यंत तो कोणालाही पुसू देऊ नये.