'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' घरच्यांसोबत बघायचा असेल तर

इंदूरला सानंद या नाटकं आणणाऱ्या संस्थेचं एकही नाटक न चुकवणारी आपली मंडळी घरी इंग्लिश पिक्चर लावला की पाणी प्यायला म्हणून उठतात ते परत येतच नाहीत, कारण डायलॉग पळतात. म्हणून थोडी तयारी करा.

ऑस्कर वाइल्डच्या या १८९५ च्या नाटकावरचे दोन पिक्चर जास्त चालतात. २००२ वाल्यात कॉलिन फर्थ, जूडी डेंच आहेत, पण नाटकात नसलेलं बलून न् टॅटू असलं बरंच काही घुसडलंय, पोरं एंजॉय करतील. मोठ्यांसाठी मात्र १९५२ चाच लावा, त्याची सुरुवातच थेटरात पडदा उघडून होते, लगेच घरच्यासारखं वाटतं त्यांना. दीड तासाचा आहे, सबटायटल चालू ठेवा.

सुरू करायच्या आधी नाती सांगून टाका. जॅक गावाकडे जॅक आणि लंडनमध्ये अर्नेस्ट, त्याचा दोस्त अल्जी, आणि लेडी ब्रॅकनेल ही अल्जीची सख्खी मावशी, जिच्या पोरीवर जॅकचा जीव जडलाय. मावशीच सांगा हं, आत्या किंवा काकू म्हणालात तर शेवट डोक्यावरून जाईल. का ते आत्ता नका सांगू.

खरी मजा मुलाखतीच्या सीनची. आपल्याकडे कांदेपोहे मुलीच्या घरी होतात ना, तसंच, फक्त इथे घाम मुलाला फुटतो. लेडी ब्रॅकनेल वही-पेन्सिल घेऊन जॅकसमोर बसते, वय काय, कमाई किती, घर कुठे, सिगरेट ओढता का (हो म्हटल्यावर खूश होते, म्हणे माणसाला काहीतरी कामधंदा हवाच!). मग आईवडिलांचं निघतं आणि हा म्हणतो मी व्हिक्टोरिया स्टेशनच्या क्लोकरूममध्ये एका हँडबॅगेत सापडलो. तिथे लेडी ब्रॅकनेल झालेली ईडिथ एव्हन्स 'हँडबॅग' हा एकच शब्द असा काही ताणते की बास! हा सीन झाला की पॉज करा, हसू द्या, कुणाला कळलं नसेल तर मराठीत सांगा आणि परत एकदा लावा. बाकी कुठे पॉज करू नका, लय जाते.

खायला काकडीचे सँडविच करा, हिरवी चटणी लावून चालतील. फक्त पिक्चर सुरू झाल्यावरच बाहेर काढा, नाहीतर अल्जीसारखं कुणीतरी पाहुणे यायच्या आधीच प्लेट साफ करेल.

मूळ नाटक नेटवर फुकट मिळतं, कॉपीराइट कधीच संपलाय. पण वाचायचं तर नंतर वाचा, तिसरा अंक आधी वाचलात तर मावशीची गंमत फुकट जाईल.