जुन्या ओबीएमचा (होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचा) वॉटर पंप बदलायचाय? पंप सोपाय, लोअर युनिट परत चढवणं अवघड

इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली म्हणून लगेच पाना हातात घेऊ नका. आधी धारेच्या भोकात पातळ तार घालून बघा. बरेचदा तिथे मीठ साचलेलं असतं, आणि इंजिन पावसाळाभर पडवीत उभं असेल तर कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं. तार घालूनही फरक नाही, तर मग पंप. तो लोअर युनिटवर (पंखा म्हणजे प्रोपेलर असलेला खालचा भाग) बसलेला असतो, म्हणून ते खाली उतरवावं लागतं. आणि उलटंही लक्षात ठेवा, धार येतेय म्हणजे पंप ठणठणीत असं अजिबात नाही. झिजलेला इंपेलर (पंपातलं रबरी पात्यांचं चाक) धारेपुरतं पाणी देतो आणि जरा थ्रॉटल दिला की इंजिन तापतं.

मालवण-देवबागकडे खाडीच्या तोंडाशी वाळूमिश्रित पाण्यातूनच जावं लागतं, तिथे दरवर्षी इंपेलर बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच उरकून टाका, सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नको.

पुढचं सगळं यामाहा एन्ड्युरोसारख्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना धरून सांगतोय. मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल.

स्पार्क प्लगच्या कॅप काढा, प्लगही काढून ठेवा, पुढे लागणार आहे. गिअर कुठे आहे ते लिहून ठेवा आणि काम संपेपर्यंत तिथून हलवू नका. पंख्याच्या वरचा छोटा ट्रिम टॅब काढायच्या आधी खूण करा. बऱ्याच इंजिनांत त्याच्या आत एक बोल्ट लपलेला असतो, तो न काढता लोक खालून हातोडा मारत बसतात. गिअर रॉडला मध्ये जोड असेल तर तो सोडवा. खाऱ्या पाण्याने धरलेल्या बोल्टांना आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा, नाहीच सुटले तर बोल्टाभोवती गरम करा, पण लांब पाइप लावून झटका देऊ नका, अल्युमिनियममध्ये बोल्ट तुटला की काम दुप्पट झालं.

लोअर युनिट खाली आलं की पंप समोरच दिसतो. हाउसिंग (पंपाचं कवच) वर काढा, इंपेलर काढा, शाफ्टवरची अर्धगोल चावी (इंपेलरला शाफ्टवर धरून ठेवणारा छोटा धातूचा तुकडा) आधी डबीत टाका. वाळूत पडली की गेलीच. इंपेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण तो वरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी (पाण्याच्या वाटेतली तापमानावर उघडणारी झडप) अडकलेला असतो आणि नवा पंपही त्याच्यापुढे हरतो. 'फक्त रबर बदल, बाकी चालतंय' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, हाउसिंगच्या आतल्या कपला आणि खालच्या प्लेटला नखाला लागेल असा चर पडला असेल तर पूर्ण किट घ्या. वाकलेला इंपेलर उलटा करून घालायचा सल्ला तर कोणी देऊच नये, पाती मुळातून तुटतात. खालचं गिअर ऑइलही बघून घ्या, दुधाळ असेल तर पंपाखालचं ऑइल सील आत्ताच बदला, परत कोण उघडत बसणार.

नवा इंपेलर घालताना चावीला चिमूटभर ग्रीस, पात्यांना साबणाचं पाणी, आणि हाउसिंग खाली दाबताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा. पाती आपोआप बरोबर वळतात.

आता खरं काम. लोअर युनिट वर चढवताना तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: ड्राइव्ह शाफ्टचे दाते वर क्रँकमध्ये, गिअर रॉड त्याच्या जागी, आणि वॉटर ट्यूब (पंपातलं पाणी वर इंजिनात नेणारी नळी) पंपावरच्या रबरी सीलमध्ये. पहिल्या दोन बसल्या नाहीत तर युनिट वर जातच नाही, त्यामुळे कळतं तरी. ट्यूब मात्र फसवते. ती सीलच्या बाजूला टेकून दुमडते किंवा सीलच ढकलून देते, वरून सगळं छान बंद झालेलं दिसतं, आणि नवा कोरा पंप पाणी मधल्या पोकळीत ओतत बसतो. मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात की पार्ट डुप्लिकेट दिला. मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त घाम याच ठिकाणी फुटायचा.

म्हणून आधी बघा की ट्यूब वर जागेवर आहे का. खाली काढताना ती कधीकधी पंपात अडकून सोबत येते, अशी आली असेल तर आधी वरच्या सीलमध्ये घट्ट बसवा. टोक पॉलिश पेपरने साफ करा, पंपाच्या सीलला आतून ग्रीस लावा. वीस इंची लाँग शाफ्टमध्ये हे टोक खोल असतं, तिथे एक माणूस टॉर्च घेऊन बाजूला बसवाच, एकट्याने करायचं हे काम नाही. शाफ्टच्या दात्यांना बाजूने ग्रीस, पण वरच्या टोकावर अजिबात नको, तिथे ग्रीस दाबलं जाऊन शाफ्ट पूर्ण आत जात नाही.

मग युनिट सरळ वर न्या, ट्यूब सीलमध्ये शिरली का ते डोळ्याने बघा, आणि दाते अडले तर दुसऱ्याला वरून फ्लायव्हील (इंजिनाच्या डोक्यावरचं चाक) हळूच घड्याळाच्या दिशेने हलवायला सांगा. प्लग काढून ठेवलेत ते याचसाठी. उलटं फिरवू नका, आत्ता घातलेली पाती उलटी वळतील. शेवटचं बोटभर अंतर राहिलं की सगळ्यांना एकच अक्कल सुचते, 'बोल्ट आवळत जा, बसेल आपोआप.' नाही बसत! केसिंगला तडा जातो नाहीतर शाफ्ट क्रँकवर दाबला जातो. दोन्ही भाग हाताने एकमेकांना टेकले पाहिजेत, बोल्ट फक्त धरून ठेवायला. टेकत नसेल तर खाली उतरवा, ट्यूब बघा, परत चढवा. तीनदा करावं लागलं तरी चालेल.

बोल्टांना मरीन ग्रीस लावून समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, गिअरचा जोड लावा, टॅब खुणेवर बसवा, आणि गिअर तिन्ही जागी पडतो का बघा.

टेस्टसाठी पंखा काढा, प्लग लावा, इंजिन पाण्याच्या पिंपात पंप बुडेल इतकं उतरवा. सुकं एक सेकंदही चालवायचं नाही. अर्ध्या मिनिटात धार आली नाही तर बंद करा. आली तरी दोन-तीन मिनिटांनी सिलिंडर हेडवर हात ठेवून बघा. धार आहे आणि तरी हात ठेवता येत नाही, तर थर्मोस्टॅट उघडा, तिथे मीठ किंवा जुन्या पात्याचा तुकडा सापडेल. तिथेही काही नसेल तर बहुतेक ट्यूबच चुकलीय, युनिट परत खाली घ्या.