चाबो प्रदर्शनाला न्यायचाय? आधी पिसं मोजा

चाबो म्हणजे आखूड पायांची, बुटकी जपानी कोंबडी. दाणापाणी, जंताचं औषध, खुराड्याची सफाई या गोष्टी कोंबड्या पाळणाऱ्याला सांगाव्या लागत नाहीत, सोडून देतो. गेल्या खेपेला हे सगळं वेळेवर झालं होतं. राहिलं एकच, पिसं मोजायचं. म्हणून यादी तिथूनच सुरू.

प्रदर्शन जानेवारीत असेल तर दिवाळीचे पोहे खाऊन झाले की त्याच दुपारी पक्षी मांडीवर घ्या, पंख उलगडा आणि पिसं मोजा. टोकाकडची मोठी दहा, मग एक आखूड, मग आतली रांग. दोन्ही पंख. मग शेपटी, डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते. तुटलेलं पीस नखासारखं पुढे वाढत नाही. बुंधा जागेवर आहे तोवर नवं येतच नाही, पुढच्या पीसगळीची वाट बघावी लागते. बुंधा काढला तर नवं पीस भरायला सहा ते आठ आठवडे, कोंबड्याच्या शेपटीतल्या लांब पिसांना त्याहून जास्त. आठवड्यावर प्रदर्शन आलं असताना मोडकं पीस सापडलं तर काही करता येत नाही. म्हणून आठ आठवडे आधी, आणि दहा असले तर आणखी बरं.

काढताना बुंध्याशी धरा आणि पीस ज्या दिशेला वाढलंय त्याच दिशेला एका दमात ओढा. देठ जाड, निळसर, रक्ताने भरलेला दिसला तर हात लावू नका. ते अजून वाढतंय, ओढलंत तर भळाभळा रक्त येईल. नवी पिसं येत असताना प्रथिनं वाढवा, कारण पीस बहुतेक प्रथिनाचंच असतं. मीठ न लावलेला सुका जवळा चालतो. खारवलेला बांगडा मुळीच नको, एवढ्याशा जिवाला तेवढं मीठ विष होतं. कवचासाठी विकतचं कॅल्शियम कशाला? तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, भाजून, कुटून ठेवा.

चाबोची शेपटी उभी, डोक्याच्याही वर जाणारी. ती मोडते कुठे? खुराड्याच्या बुटक्या दारात, भिंतीला चिकटून बसवलेल्या दांडीवर, आणि सगळ्यात जास्त प्रवासाच्या खोक्यात. दार उंच करा, दांडी भिंतीपासून फूटभर पुढे घ्या. पाय आखूड म्हणून दांडीही जमिनीलगतच हवी. पंखांची टोकं जमिनीला टेकतात, त्यामुळे ओल्या लाल मातीत महिनाभर ठेवलेला पांढरा चाबो पुन्हा पांढरा होत नाही. चिऱ्याचा चौथरा, त्यावर भाताच्या तुसाचा चार बोटं जाड थर, पागोळ्या आत येणार नाहीत एवढं छप्पर पुढे काढलेलं. तूस ओलं झालं की त्याच दिवशी बदला. पावसाळ्यात रक्ती हगवण ओल्या तुसातूनच येते. दिवसा मुंगूस आणि रात्री उदमांजर येतं, कोंबड्यांच्या जाळीवर विसंबू नका. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा.

आता पैदास. आखूड पायाचं जनुक एकेरी असेल तर पाय आखूड होतात, दुहेरी झालं तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणजे आखूड नर आणि आखूड मादी जोडलीत तर सरासरी चारातलं एक अंडं फुकट, दोन पिल्लं आखूड, एक लांब पायाचं. लोक अंडी उबवायच्या मशीनला शिव्या देतात, दोष जोडीत असतो. घरातली लांब पायाची मादी बाजारात काढू नका. तिला आखूड नर लावला तर निम्मी पिल्लं आखूड येतात आणि या कारणाने एकही मरत नाही. वाकड्या शेपटीचा पक्षी मात्र कितीही देखणा असला तरी पैदाशीत नको. नर बदललात तर तीन आठवडे अंडी धरू नका, आधीच्याचं बीज शिल्लक असतं.

अंडी फेब्रुवारी-मार्चात रवणीला बसवा, म्हणजे पावसाआधी पिल्लं सावरतात आणि जानेवारीत पूर्ण पिसाची असतात. पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ अंश. बँटमची, म्हणजे चाबोसारख्या बुटक्या जातींची, अंडी विसाव्या दिवशीही फुटायला लागतात, तेव्हा सतराव्या दिवशीच फिरवणं थांबवून ओल वाढवा. राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात, दुसरी साधारण आठव्या आठवड्यात. देवीची लस पावसाआधी, कारण तो रोग डासांतून पसरतो आणि तुऱ्यावरची खपली परीक्षकाला लांबूनही दिसते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पक्षी आणलात तर महिनाभर वेगळा ठेवा. ‘चांगला दिसतोय’ ही सबब नको.

पुन्हा पिसं. पंधरा दिवसांनी एकदा मोजा. नवी येताना शेजारचा पक्षी टोचतो, म्हणून प्रदर्शनाचे नर वेगवेगळे ठेवा.

शेवटचे तीन आठवडे दीड फुटी पिंजऱ्याची सवय. रोज दहा मिनिटं, छोट्या काठीने हलकेच उभं राहायला शिकवा, वर दोन दाणे.

आंघोळ चार दिवस आधी, आदल्या दिवशी नाही. पिसांवरचं तेल परत यायला आणि पिसं जुळायला वेळ लागतो. कोमट पाणी, सौम्य शाम्पू, दोनदा साधं पाणी. रिठा डोळ्यांना झोंबतो. पांढऱ्याला नीळ अगदी थेंबभर, नाहीतर निळा कोंबडा घेऊन जाल. आपल्याकडच्या दमट हवेत आतली लव आपोआप सुकत नाही, ड्रायर लावा.

नखं, चोच: आठवडाभर आधी. पायाच्या खवल्यांत किडे असतील तर ते महिनाभर आधीचं काम, आता उशीर झाला.

खोकं एका पक्ष्याला एक, शेपटीच्या टोकापेक्षा चार बोटं उंच. चोर्ला घाटाने बेळगावकडे निघणार असाल तर पहाटेची थंडी धरून वर कापड टाका, भोकं उघडी ठेवून. पोचल्यावर चेहऱ्याला खोबरेल नुसतं बोट फिरवून, मानेच्या पिसांना नको.

आणि तिथे मोडकं पीस दिसलं तर डिंकाने जोडू नका, लबाडी म्हणून पक्षी बाद होतो. दिवाळीला मोजायचं होतं ते.