पोलिसांचं ट्रेड-इन पिस्तूल घेताना: सही करण्याआधीची दहा मिनिटं

अमेरिकेतलं पोलीस खातं नवी पिस्तुलं घेतं, तेव्हा जुनी डिस्ट्रिब्युटरला देऊन त्यांची किंमत नव्या बिलातून वळती करून घेतं. काही खाती जुनी हत्यारं नष्ट करतात, पण बरीच खाती अशी देऊन टाकतात. ती मग दुकानांत आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडे ‘पोलीस ट्रेड-इन’ म्हणून येतात. चांगल्या कंपनीचं पिस्तूल कमी पैशांत घ्यायचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. मात्र यावर फिरणारा सल्ला ऐकून वैताग येतो. एक जण सांगतो, ओरखडे दिसले की हातसुद्धा लावू नका. दुसरा सांगतो, ग्लॉक आहे ना, मग बघायचंय काय? दोघंही चूक आहेत.

आधी तुमचं स्टेटस बघा

आपल्या लोकांनी हा भाग वगळून पुढे जाऊ नये. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक पिस्तूल घेऊ शकतात. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात, आणि ते तुम्ही राहता त्याच राज्यात ताब्यात घ्यावं लागतं. एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक विकत घेणंच नाही, तर बाळगणंही मना आहे. रेंजवर भाड्याने घेऊन चालवणं त्यातच आलं. राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स असेल तर अपवाद आहे. पण त्या अपवादावर विसंबण्याआधी इमिग्रेशन वकिलाला पैसे मोजून विचारा, ऑफिसमधल्या सहकाऱ्याला नको.

आणि ‘तुझं ग्रीन कार्ड आहे, तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो’ असं कोणी म्हणालं, तर कितीही जवळचा मित्र असो, तिथेच नाही म्हणा. याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात. 2022 च्या कायद्यानंतर त्याला 15 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हत्याराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येतं. नवरा-बायकोपैकी एक जण व्हिसावर असेल तर घरातल्या तिजोरीचा नंबर कोणाकडे असावा, हेही वकिलाला आधीच विचारून ठेवा.

राज्याराज्यात फरक मोठा आहे. टेक्ससमध्ये वेगळं परमिट लागत नाही. न्यू जर्सीत हँडगनसाठी परमिट आधी काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचं ओळखपत्र, कॅलिफोर्नियात 10 दिवसांची वाट. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स इथे 10 गोळ्यांपेक्षा मोठं मॅगझीन चालत नाही, आणि पोलिसांच्या पिस्तुलासोबत बहुतेक वेळा 15 गोळ्यांची मॅगझिन्स येतात. ऑर्डर देण्याआधी दुकानदाराला विचारा.

काय घ्यायचं

बाजारात सगळ्यात जास्त माल पॉइंट फोर्टी कॅलिबरचा, म्हणजे 0.40 इंच व्यासाच्या गोळीचा, दिसेल. त्याचं कारण समजून घ्या. 1986 मध्ये मायामीत एफबीआयच्या दोन एजंटांचा चकमकीत मृत्यू झाला. त्यानंतर जास्त दमदार गोळीचा शोध सुरू झाला आणि 1990 मध्ये पॉइंट फोर्टी आली. देशभरातल्या खात्यांनी ती उचलली. पुढे नाइन एमएमच्या गोळ्या सुधारल्या, 2016 मध्ये एफबीआयने नाइन एमएम ग्लॉकचं कंत्राट दिलं आणि बाकीची खातीही त्याच वाटेने गेली. त्यामुळे ग्लॉक 22, स्मिथ अँड वेसनची एमअँडपी फोर्टी, सिगची पी 229 असा माल ढिगाने बाहेर पडला. ग्लॉक 22 तर 300 ते 400 डॉलरच्या आसपास मिळून जाते.

माझं मत स्पष्ट आहे: पहिलंच पिस्तूल असेल तर निव्वळ स्वस्त म्हणून पॉइंट फोर्टी घेऊ नका. तिचा धक्का जास्त झटकेबाज असतो, गोळ्या महाग पडतात, त्यामुळे सराव कमी होतो आणि नवशिक्याला गोळी सुटण्याआधीच दचकायची सवय लागते. पन्नास-शंभर डॉलर जास्त घाला, पण ग्लॉक 17 किंवा नाइन एमएमची एमअँडपी घ्या. हात बसलेला असेल तर पॉइंट फोर्टी खुशाल घ्या, पैसे वसूल होतात. सिगच्या काही पोलीस पिस्तुलांत डीएके ट्रिगर असतो, तो दर वेळी लांब ओढावा लागतो. आधी रेंजवर चालवून बघितल्याशिवाय तो मागवू नका.

ऑर्डर

विक्रेत्याच्या पानावर परत घेण्याचा नियम वाचा, जवळचा परवानाधारक डीलर निवडा, पिस्तूल तुमच्या नावावर करून द्यायची त्याची ट्रान्सफर फी विचारा, पैसे भरा. पिस्तूल घरी नाही, डीलरकडे येतं. ‘हँड सिलेक्ट’चे, म्हणजे त्यातल्या त्यात चांगलं निवडून पाठवायचे, थोडे जास्त पैसे मागतात, ते द्यावेत असं माझं मत आहे.

डीलरच्या काउंटरवर

सगळा खेळ इथे आहे. बहुतेक विक्रेत्यांचा नियम असा असतो की ट्रान्सफर होण्याआधी माल नापसंत असेल तर परत, ट्रान्सफर झाला की तुमचा. म्हणजे फॉर्म 4473, हा खरेदीचा फेडरल फॉर्म, भरण्याआधी जे बघाल तेवढंच. दुकानात गर्दी असते, मागे माणूस उभा असतो, डीलर फॉर्म पुढे सरकवतो. फॉर्म बाजूला ठेवा आणि म्हणा, “आधी पिस्तूल बघू द्या.” चांगला डीलर कधीही नाही म्हणत नाही. जो म्हणेल, त्याच्याकडे पुन्हा माल मागवू नका. मला सुरुवातीला हाच टप्पा जड गेला होता, कारण कुठलं झिजणं निरुपद्रवी आणि कुठलं घातक, हे कोणी नीट सांगत नव्हतं. म्हणून इथे सविस्तर सांगतो.

पहिलं काम: नळी माणसांपासून दूर, मॅगझीन बाहेर, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागी) डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. डीलरने नुकतंच तेच केलं असलं तरी तुम्ही करायचंच. त्यानंतर स्लाइड उतरवायची परवानगी मागा. ग्लॉक उघडायला ट्रिगर ओढावा लागतो, त्यामुळे चेंबर रिकामं असल्याची खात्री दोनदा करा.

बाहेरचे ओरखडे सोडून द्या. पोलिसाचं पिस्तूल वर्षानुवर्षं कमरेला असतं आणि वर्षातून थोड्याच वेळा, पात्रता चाचणीपुरतं चालतं. होल्स्टरमधून आतबाहेर होऊन स्लाइडच्या पुढच्या कडा पांढुरक्या होतात, कोपऱ्यांवरचा काळा रंग जातो. एखादी गाडी रोज अंगणातून बसस्टॉपपर्यंतच गेलेली असावी, तसं हे आहे: पत्रा घासलेला, इंजिन ताजं. खात्याचं नाव कोरलेलं असेल किंवा घासून काढलेलं असेल, तरी हरकत नाही. मात्र सिरीयल नंबर घासलेला असेल तर पिस्तूल खाली ठेवा, तसं बाळगणं गुन्हा आहे. ग्लॉकच्या फ्रेम (खालचा मुठीचा सांगाडा), स्लाइड आणि बॅरल (नळी) या तिन्हींवर नंबर असतो. ते जुळत नसले तर शस्त्रागारात भाग अदलाबदल झाले असण्याची शक्यता असते. घाबरायचं कारण नाही, पण किंमत कमी करून मागा. फॉर्मवर फ्रेमचा नंबर जातो, तो स्वतः वाचून ताडून बघा.

आता आत. बॅरल सुटी काढून मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा. इथे नवखा माणूस हमखास फसतो. तिसऱ्या-चौथ्या जनरेशनच्या ग्लॉकच्या नळीत धारदार आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नसतात, कडा गोलसर असतात. त्यामुळे ती गुळगुळीत दिसते आणि ‘आटे झिजले’ असं वाटून लोक चांगलं पिस्तूल परत पाठवतात. सिग किंवा एमअँडपीच्या नळीत आटे स्पष्ट दिसायला हवेत. घाबरायचं ते काळ्या वर्तुळाला. नळीच्या मध्ये कुठेतरी अंगठीसारखी गडद रेघ दिसली, तर आधीची गोळी आत अडकलेली असताना दुसरी झाडली गेली आणि नळी तिथे फुगली, असं समजा. बाहेरून त्या जागी बोट फिरवलं तर कधी उंचवटा लागतो. असं पिस्तूल कुठल्याही किमतीला घेऊ नका.

मग फ्रेममधल्या धातूच्या रेल्स बघा, स्लाइड त्यांवरून सरकते. ग्लॉकमध्ये चार लहान तुकडे असतात: एकही तुटलेला, वाकलेला नको. पिनांच्या भोवती प्लास्टिकला केसासारखी चीर आहे का, ते उजेडात तिरकं धरून बघा. सिगच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर रेल्सचा काळा मुलामा जाऊन चांदीसारखी रेघ दिसते. ती नखाला गुळगुळीत लागली तर ठीक, खड्डे लागले तर नको. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, नखीचा टवका उडालेला नाही ना? तसा टवका असेल तर तो भाग स्वस्तात बदलता येतो, पण सांगून भाव पाडा. गंज असेल तर तो अंगाच्या बाजूला, घाम आणि पाऊस लागतो तिथे असतो: नेम धरायच्या मागच्या साइटखाली, एक्स्ट्रॅक्टरपाशी, मॅगझीनच्या तळाशी. वरवरची तांबूस छटा तेलाने जाते. बोटाला खळगे लागले तर परत करा.

पुन्हा जोडून, रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढा आणि दाबूनच ठेवा. स्लाइड मागे ओढून सोडा, मग ट्रिगर सावकाश पुढे येऊ द्या: ‘टक’ असा आवाज यायला हवा, आणि पुन्हा ओढल्यावर रिकामं पिस्तूल सुटायला हवं. मग ग्लॉकच्या ट्रिगरच्या मधली छोटी पट्टी न दाबता ट्रिगर कडेने ढकलून बघा, तो मागे जाता कामा नये. या दोनपैकी एकही गोष्ट फसली तर डीलरचं “चालेल हो, साफ केलं की होईल” ऐकू नका.

स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 10 किंवा 64 असं जुनं रिव्हॉल्व्हर असेल, तर ट्रिगर अगदी हळू ओढा. हॅमर पडायच्या आत सिलिंडर (गोळ्यांचा फिरता भाग) जागेवर घट्ट बसायला हवा, आणि हे सहाही खणांसाठी स्वतंत्रपणे बघायचं.

मॅगझीनवर ‘केवळ पोलीस व सरकारी वापरासाठी’ अशा अर्थाचा छाप दिसला तर दचकू नका. 1994 ते 2004 च्या फेडरल बंदीच्या काळातला तो शिक्का आहे आणि ती बंदी संपली. तुमच्या राज्याची मर्यादा तेवढी पाळा.

हे सगळं पटलं की मग फॉर्म. ओळखपत्रावर सध्याचा पत्ता हवा. घर बदललं असेल तर नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद न्या. ग्रीन कार्डधारकांनी एलियन नंबर सोबत ठेवावा. तुमच्या पार्श्वभूमीची तपासणी बहुधा काही मिनिटांत होते, ‘डिलेड’ (निकाल लांबला) असं आलं तर परत यावं लागतं.

घरी आल्यावर

पूर्ण साफ करा. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी) न बघताच बदला, ती स्वस्त असते आणि आधी किती गोळ्या झाल्या ते कोणालाच ठाऊक नसतं. मॅगझीनच्या स्प्रिंगाही बदला. अंधारात चमकणाऱ्या नाइट साइट्समधला ट्रिशियम, ज्यामुळे त्या चमकतात, सुमारे 12 वर्षांत निम्मा मंदावतो, त्यामुळे त्या मिणमिणत्या असतील. दिवसा नेम धरायला त्याने काही बिघडत नाही. रेंजवर नेऊन शंभर-दोनशे गोळ्या विनाअडथळा चालल्याशिवाय त्या पिस्तुलावर विसंबू नका.

डीलर कायद्याने कुलूप देतोच, पण त्या केबलवर भागवू नका. बोल्टने पक्की बसवलेली छोटी तिजोरी घ्या, पिस्तूल आणून ठेवायच्या आधी घ्या. घरात मुलं असतात, सुट्टीत आजी-आजोबा येतात, एखाद्याचं मन ठिकाणावर नसतं. कपाटाचा वरचा कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे.

शेवटची गोष्ट भारतात जाणाऱ्यांसाठी. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती प्रवासाला कधीही वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एकच जिवंत काडतूस मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर निघालं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि सुट्टी पोलीस ठाण्यात, कोर्टात जाते. निघायच्या आदल्या दिवशी जॅकेटचे खिसे आणि बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटकून घ्या.